अडवून ठेवलेली जागा

मानोऱ्याजवळच्या खेमा नाइकाच्या तांड्यातला देवमन नागपुरात कॉम्प्युटर चालवतो, हे तांड्यात कुणाला धड कळलंच नव्हतं. मशीनवर आहे म्हणजे जिनिंगमध्ये असेल, असं लोक धरून चालले. त्याची आई रुपाबाई मात्र ठणकावून सांगायची, "कापसाची नाई ना बाप्पा! माह्या पोरानं इचारलं का कागदावर जबाब देते, अशी मशीन हाये."

बाईचं खरं होतं. सरकारी कचेरीतल्या त्या खोलीभर मशीनची मेमरी बत्तीस हजार शब्दांची. नवं काम चढवण्याआधी देवमन तिच्या टाइपरायटरवर एका ओळीचा हुकूम द्यायचा. खडखडत उत्तर उमटायचं: कोणत्या कामानं किती जागा खाल्ली, मोकळी किती.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात हातपंप द्यायच्या गावांची यादी लावायची होती. गावागावाची कार्डं आली. पाणी जितकं लांब, तितकं गाव यादीत वर. तांड्यांची कार्डं मात्र गठ्ठ्याच्या तळाशी. सरकारी दप्तरात तांडा म्हणजे गावच नाही ना! देवमननं हुकूम दिला. मोकळी जागा फक्त सहा हजार. साहेबाचं कालचंच संपलेलं काम बारा हजार अडवून ऐसपैस बसलेलं.

"साहेब, जागा पुरत नाही. भरली की खालची कार्डं मशीन मुकाट सोडून देईल. तुमचं कालचं काम उतरवू का?"

"तुला कार्डं चढवायला ठेवलंय, अक्कल चालवायला नाही. माझ्या कामाला हात लावायचा नाही."

उतरवायला एक ओळ लागत होती, बस. साहेब जेवायला गेला तेव्हा खोलीत चिटपाखरू नव्हतं. पण देवमन तांड्यात वाढलेला. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख; त्यानं शब्द काढला की त्यावर दुसरा शब्द काढायचा नाही, ही रीत त्यानं नागपुरात त्या टिनपाट साहेबालाही लावली. चुकलं ते तिथंच. नाईक निदान तांड्यासोबत उपाशी राहतो. हा साहेब कुणासोबत उपाशी राहत होता?

यादी छापून आली. मेडशी होती, मंगरूळपीरकडची गावं होती. तांडा एकही नव्हता.

"पुढच्या वर्षी बघू," साहेब म्हणाला.

पुढच्या वर्षी, ऐन वैशाखात, रुपाबाई आटलेल्या विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरत होती. वरून दरड कोसळली. बाई जिवंत निघाली नाही.

सुतकाचे दिवस सरल्यावर तांडा नाइकाच्या अंगणात बसला. खेमा नाईक म्हणाला, "सरकारनं आपल्याले टाकलं. देवमन बिचारा चाकरीवाला, त्याच्या हातात का होतं..."

"होतं, नाईक. माह्याच हातात होतं."

नाइकाचं बोलणं आजवर कुणी तोडलं नव्हतं. बसलेली माणसं हलली. मशीननं त्या दिवशी जागेचं उत्तर छापलेला, वर्षभर जपलेला घडीचा कागद देवमननं खिशातून काढला. "हे पाहा, हे रिकामी जागा. हे अडवलेली. एका ओळीत मोकळी होत होती."

म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यानं आकड्यांवरून बोट फिरवलं. "मंग केली काहून नाई?"

"साहेब नाई म्हणला."

"तो का आपला नाईक होता?"



दुसऱ्या दिवशी नागपूरची एसटी त्याला न घेताच सुटली. तो कुदळ घेऊन ढासळलेल्या विहिरीत गाळ काढायला उतरला. एकटाच. कुणाला न विचारता.