पाकिटाची पाठ वाचणारे आप्पा

आप्पा जनावराचा घास आधी स्वतःच्या तोंडात घालत. सरकी पेंड असो, गोळी असो की तुरीची चुनी, पोत्याची शिवण उसवली की चिमूटभर माल जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे, दाढेखाली धरायचा आणि मग बाजूला थुंकून निकाल द्यायचा, "खवट हाय. परत पाठवा." नळदुर्गातलं पशुखाद्याचं दुकान त्यांनी उमेदीची सगळी वर्षं या जिभेच्या भरवशावर चालवलं. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला गेले तेव्हा दुकान बंद होऊन वर्ष झालं होतं, पण जीभ काही निवृत्त झाली नव्हती. माझ्या घरून आलेल्या चकलीचा तुकडा तोंडात टाकून त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "तेल दुसऱ्यांदा वापरलंय, मॅडम." चकल्या माझ्या आईनं तळल्या होत्या. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी आईला फोनवर विचारलं, तर तिनं विषय बदलला.

मी रत्नागिरीकडची. पोस्टात नोकरी लागली आणि समुद्र सोडून थेट इथं येऊन पडले. खोली देताना आप्पांनी एकच अट घातली होती. "आमी लिंगायत. घरात अंडंसुद्धा येत न्हाय. बाहेर तुम्ही काय बी खावा, आमचं काय म्हणणं न्हाय. पण वर सुकट-बिकट शिजवायची न्हाय." दुसरी खोली मिळत नव्हती म्हणून मी हो म्हटलं आणि मनात त्यांना नावं ठेवली. संध्याकाळी पोस्ट बंद झालं की मला कुणाशी बोलायला नसायचं. खाली आप्पाही रिकाम्या दुकानात शटर अर्धं उघडून खुर्चीवर बसलेले असायचे. विकायला काही नव्हतं, गिऱ्हाईक येणार नव्हतं. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या, मुलगा हैदराबादला. समोर हायवेवरून ट्रक जायचे आणि ते ट्रक बघत बसायचे. एका घरात आम्ही दोन एकटी माणसं होतो, आणि चकलीचं प्रकरण मिटल्यावरही कितीतरी महिने आमचं बोलणं नळाला पाणी आलं का, याच्या पुढं गेलं नव्हतं.

आम्हाला बोलतं केलं ते सरकीनं. सरकी म्हणजे त्यांची मांजर. पांढऱ्या अंगावर करडी लव, म्हणून हे नाव. दुकान चालू असताना तिच्याकडं उंदरांचं खातं होतं. पोत्यांमागं ती काय मारते, काय खाते, हे आप्पांनी कधी विचारलं नाही. "तिचं तिला माहीत," म्हणायचे. दुकान बंद झालं, पोती गेली, पोत्यांबरोबर उंदीरही गेले. तेव्हापासून आप्पा तिला आपल्याच ताटातली भाकरी दुधात कुस्करून घालत होते, तीही हातानं, कौतुक करत. सरकी खायची. आणि हळूहळू तिची उडी चुकायला लागली. दिवेलागणीला ती दाराच्या चौकटीवर आपटायची. भर उन्हातही तिच्या डोळ्यांतलं काळं बुबुळ मोठंच्या मोठं राहायचं. एकदा ती चालत चालत सरळ हायवेच्या कडेपर्यंत गेली. एका ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचली. त्या दिवशी आप्पांनी पहिल्यांदा वर येऊन माझं दार वाजवलं. म्हणाले, "मॅडम, जरा टोपली धरायला येता का दवाखान्यात?"

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि विचारलं, "खायला काय देता?" आप्पांनी अभिमानानं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आप्पा, तुम्ही जन्मभर म्हशी सांभाळणाऱ्यांना शिकवलंत. पण ही म्हैस नाही. मांजराला मांसातून मिळणारं टॉरिन लागतं, ते दूध-भाकरीत नसतं. नाही मिळालं तर आधी नजर जाते, मग हृदय. गेलेली नजर बहुतेक परत येणार नाही, राहिली आहे ती सांभाळा. कोंबडी उकडून द्या, नाहीतर चांगल्यापैकी कोरडं खाद्य आणा." येताना आप्पा टोपली छातीशी धरून चालत होते. चौकात आल्यावर थांबून म्हणाले, "म्या दुकान मोडलं अन हिची रोजी बुडाली. माझ्या ध्यानातबी आलं न्हाय बघा." त्या घरात हाक मारल्यावर 'ओ' देणारा तेवढाच एक जीव उरला होता. तो रस्त्यावर चिरडला जाईल किंवा हळूहळू विझेल, आणि तोही आपण प्रेमानं भरवलेल्या घासामुळं, ही गोष्ट त्यांना सहन होत नव्हती.

घरात कोंबडी उकडणं शक्यच नव्हतं. पण कोरडं खाद्य म्हणजे दाणे. मांस डोळ्यांना दिसत नाही. आप्पांनी स्वतःशी तोड काढली की खाद्य घरात न्यायचं नाही, दुकानात ठेवायचं. "दुकानात माल ठेवायला कसली हरकत?" म्हणाले. आणि लगेच जाऊन एवढी मोठी चूक करून आले की ती चूक फक्त त्यांच्याच हातून व्हावी. बाजारातल्या एका दुकानदाराला म्हणाले, हिरव्या ठिपक्याचं द्या. जन्मभर कुठलंही पाकीट हातात घेतलं की आधी शाकाहाराचा हिरवा ठिपका शोधायची सवय. दुकानदारानं त्याप्रमाणे सुटं मोजून दिलं. तीन आठवडे सरकी ते खात होती. मग मी एकदा दुकानदाराकडं मूळ पाकीट मागून पाहिलं. ते कुत्र्यांचं होतं, वर संपूर्ण शाकाहारी. ऐकून आप्पा खाली बसले. "गिऱ्हाइकाला सांगून सांगून जीभ झिजली, सुटं घेऊ नका, पोत्याची पाठ बघून घ्या. अन म्याच सुटं घेतलं." त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यातला दुकानदार जागा झाला. एसटीच्या कंडक्टरला सांगून सोलापुरातून दोन लहान पाकिटं मागवली. एक मी मोबाइलवरून मागवलं. तिन्ही दुकानातल्या टेबलावर पालथी घातली आणि मला बसवलं. पाठीवरचं सगळं इंग्रजी, आणि आप्पांचं शिक्षण सातवीपर्यंत. मी एकेक शब्द वाचायचा, अर्थ सांगायचा आणि त्यांनी तोलायचा. पहिल्या पाकिटावर सळसळत्या माशाचं चित्र होतं. मी वाचलं, मका, मक्याचा ग्लुटेन, सोया, गहू, मग कुठं मासळीची भुकटी. आप्पा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "हे तर माझंच दुकान हाय की! मासा नुसता दारावर उभा केलाय." मी म्हटलं, प्रथिनांचा आकडा तर चांगला दिसतोय. "आकडा खोटा न्हाय. पण सोयाचं प्रथिनबी प्रथिनच म्हणून छापत्यात. म्हशीला चालतंय ते. हिला न्हाय."

दुसऱ्या पाकिटावर यादीत पहिलं नाव ताज्या कोंबडीचं. मला वाटलं, झालं, मिळालं. आप्पांनी बोट वर केलं. "ताजी म्हणजे ओली. ओल्या सोयाबीनचं वजन अन वाळलेल्याचं एक असतंय का? वाळल्यावर ही कोंबडी यादीत कुठं जाऊन बसंल ते बघा. खाली काय हाय?" खाली मका होता, त्याच्या खाली मक्याचं पीठ, दोन नावं सोडून पुन्हा मक्याचा ग्लुटेन. "एकाच घरातले तिघं येगयेगळ्या जागी उभे केलेत, म्हणजे गर्दी दिसू नये," आप्पा म्हणाले. दाणेही लाल, हिरवे, पिवळे. त्यावर तर त्यांचा पाराच चढला. "रंग कुणासाठी? मांजराला काय हळदीकुंकवाला जायचंय?" मी नोकरीला लागताना परीक्षा दिली होती, पण कागद असा वाचायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या पाकिटाचं चित्र अगदी साधं होतं. आधी वाळवलेल्या कोंबडीची भुकटी, मग तांदूळ, मग मासळी, चरबी, आणि खाली टॉरिन घातल्याचं स्पष्ट लिहिलेलं. मोठ्या मांजरांसाठी संपूर्ण आहार, हेही होतं. आप्पांनी तारीख वाचायला लावली, राखेचा, म्हणजे हाडं-खनिजांचा आकडा विचारला, तंतूंचा विचारला. तीन पेल्यांत पाणी घेऊन तिन्हींचे दाणे भिजत घातले आणि तळाला काय बसतं ते पाहत राहिले. सगळं झालं होतं, फक्त शेवटची परीक्षा राहिली होती, आणि ती त्यांना देता येत नव्हती. गळ्यातल्या लिंगाला हात लावून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "मॅडम, तुम्ही समुद्राकडच्या. तुम्हाला कळतंय त्यातलं. जरा जिभेवर ठेवून बघता का?"

माझ्या खोलीत सुकट शिजवायला बंदी करणारा माणूस मला मांजराचं खाणं चाखायला सांगत होता! मी भांडायच्या तयारीनं तोंड उघडलं आणि त्यांच्याकडं पाहिलं. मग तिसऱ्या पाकिटातला दाणा उचलून तोंडात टाकला. "खारट?" "थोडं." "थोडं म्हणजे? वरणाइतकं का लोणच्याइतकं?" "वरणाइतकं." "खवट?" "नाही. सुक्या बोंबलासारखं लागतंय." "ते चांगलं का वाईट?" मी म्हटलं, "आप्पा, मला घर आठवलं." त्यांनी मान हलवली आणि तिसरं पाकीट जवळ ओढलं. काही वेळानं म्हणाले, "वर एखाद्या वक्ताला शिजवा तुमचं. खिडकी तेवढी उघडी ठेवा." मी थुंकायला म्हणून बाहेर गेले.

सरकीनं पहिल्या दिवशी ते दाणे पंजानं ढकलून दिले. आप्पांना अंदाज होताच की ती नको म्हणेल, कारण म्हशीसुद्धा नवी पेंड लगेच घेत नाहीत. दुधात कुस्करलेल्या भाकरीत आधी चार दाणे, मग आठ, असं करत त्यांनी दहा-बारा दिवसांत तिला वळवलं. कोरड्या दाण्यांबरोबर पाणी पोटात गेलं पाहिजे म्हणून तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या ठेवल्या आणि ती पुन्हा हायवेवर जाऊ नये म्हणून शटरला खालून फळी लावली. गेलेली नजर आली नाही. पण होती ती टिकली, अंगावर लव भरली, आणि महिन्याभरात ती वासावरून बरोबर आप्पांच्या मांडीवर उडी घ्यायला लागली. डॉक्टर म्हणाले, छान राखलंत. आप्पा म्हणाले, "मॅडमची जीभ हाय."

तेव्हापासून दर महिन्याला नवं पाकीट आलं की मला बोलावणं यायचं. पाकीट तेच, कंपनी तीच, तरी सगळं पहिल्यापासून वाचायचं. "पोतं तेच ठेवून आतला माल बदलायची रीत लई जुनी हाय," हे त्यांचं म्हणणं. मी वाचता वाचता ते दर दोन शब्दांना टोकायचे, थांबवायचे, एखाद्या पेंडीच्या व्यापाऱ्याची गोष्ट सांगायचे. एकदा खरोखरच तांदूळ वर सरकून पहिल्या जागी बसला होता. आप्पांनी ते पाकीट कंडक्टरच्या हातानं परत पाठवलं आणि आठवडाभर विजयी चेहऱ्यानं फिरले. पण तेवढं एकदाच. एरवी यादी होती तशीच असायची आणि आम्ही दोघं ती तासभर वाचत बसायचो. चहा व्हायचा. मी घरचं बोलायची, ते काकूंचं बोलायचे. तासभर का लागतो, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही ते बोलत नव्हतो.

चौथ्या वर्षी माझी बदली झाली, मागितली होती तशी, रत्नागिरीला. आप्पा म्हणाले, "जावा. आईजवळ जावा." मुलानं पाठवलेला मोबाइल त्यांनी मग प्रथमच नीट शिकून घेतला, आणि दर महिन्याला व्हिडिओ कॉल येऊ लागला. कॉल उचलला की आप्पा दिसायचेच नाहीत. पूर्ण पडद्यावर पाकिटाची पाठ, कधी उलटी. "आप्पा, अंगठा काढा, नेमकं टॉरिनवरच ठेवलाय," मी म्हणायची. वाचून झालं की, "बरं मग, बरोबर हाय," आणि फोन बंद.

गणपती उठल्यावर असाच फोन आला. मी वाचलं आणि सहज म्हटलं, "सरकीला दाखवा की एकदा." पाकीट हललं नाही. मग सावकाश खाली आलं, आणि कितीतरी महिन्यांनी मला आप्पांचा चेहरा दिसला. खूप वाळले होते. "सरकी गेली, मॅडम. पोळ्याच्या आदल्या दिवशी. झोपेतच गेली. म्हातारी झालती."

"मग हे पाकीट?" मी विचारलं. ते फोडलेलंही नव्हतं. ती गेल्यावर त्यांनी ते सोलापूरहून मागवलं होतं.

आप्पा पाकिटाकडं बघत राहिले. म्हणाले, "दुसरं काय दाखवून फोन करावा, सुचलं न्हाय."

मला माझी लाज वाटली. मी आईजवळ होते, समुद्राजवळ होते, आणि इतक्या महिन्यांत आपण होऊन एकदाही त्यांना फोन लावला नव्हता. पाकीट येईल तेव्हा ते करतीलच, असं धरून चालले होते. "आप्पा, वर धरा," मी म्हटलं, "कंपनीचा पत्ता राहिलाय वाचायचा." त्यांनी धरलं. मी पत्ता वाचला, पिनकोड वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून सगळं वाचलं. आप्पांनी एकदाही टोकलं नाही.

त्यानंतर दर रविवारी मीच फोन करायला लागले, काही काम नसताना. दिवाळीच्या आधी आप्पा गेले. मला चारच रविवार मिळाले.