ज्ञानकोशातलं आमचं पाणी

दिल्लीहून शेतीची अवस्था पाहायला पथकं येत, ती वर्षं. अकोला-अमरावती रस्त्यावरच्या आमच्या गावात माझं टायपिंगचं दुकान होतं. इंटरनेटवर कोणीही लिहू शकेल असा ज्ञानकोश असतो, त्यातलं गावाचं पान मी सांभाळायची. "नळाला आठव्या दिवशी पाणी येते," हे माझं वाक्य पुसून कोणीतरी रोज "पाणी मुबलक आहे" लिहायचं. मी बदलांच्या वेळा वहीत टिपल्या. अकरा ते पाच, जेवणाची सुट्टी सोडून. रविवारी एकही नाही.

पाण्याच्या कचेरीतला बाबू दुकानात आला, तेव्हा मी सरळ विचारलं, हे बदल तुमचेच ना?

"वरून हुकूम हाय, ताई. पथकवाले नेटवर वाचून येऊन राहिले. अन् तुमच्या वाक्याले पुरावा कुठं हाय? सरकारी कागद पायजे."

एवढं बोलून त्यानं जाहीर सूचनेचा मसुदा टायपिंगला दिला. नळ आठव्या दिवशी सुटतील.

साहेबांची सही होऊन सूचना फळ्यावर लागली. मी वाक्य परत लिहिलं आणि पुरावा म्हणून तिचा दाखला जोडला. ते टिकलं. साहेबांची सही बाबू खोटी कशी ठरवणार? पुढच्या महिन्यात त्यानं एकच बदल केला. "आठव्या" काढून "दहाव्या" लिहिलं, नव्या सूचनेच्या जावक क्रमांकासकट.