तिने दिलेली माशी

बोटीवरची तीस वर्षं संपवून लवू गावी परतला तेव्हा त्याच्या पेटीत एक चपटा पत्र्याचा डबा होता. आत खोट्या माश्या. बारक्या गरीला, म्हणजे गळाला, पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेल्या. थंड मुलखातल्या ओढ्यांत ट्राऊट मासा धरायला अशा माश्या लागतात, हे त्याला बोटीवरच्या एका गोऱ्या इंजिनियरने शिकवलं होतं. गावच्या पऱ्यात, त्या लहानशा ओढ्यात, ट्राऊट कुठला? पण खडस मासा होता, आणि पाण्यावर पडलेला किडा खडसही सोडत नाही.

"कोंबडीची पिसं खाऊन मासे अंडी घालणार आता!" शेजारची सोनूबाई कुंपणापलीकडून ओरडायची. "गांडूळ लावा की अवो, फुकट मिळतं!"

माशी बांधायचा लवू. निवडायची मात्र त्याची बायको, यमुनाबाई. लहानपणापासून पऱ्यात हातांनी मासे चाचपून धरलेली बाई. ती एखादा दगड उलटा करायची, खाली चिकटलेले किडे बघायची आणि डब्यात बोट घालायची. "आज तांबूस. बारकी." तासाभरात खडस लागायचाच. लवूने एवढे समुद्र पाहिले, पण या गुडघाभर पाण्यात काय चाललंय ते तिलाच कळायचं, आणि तेच त्याला आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी ती आमटीत दोनदा मीठ घालू लागली. मग मुलीचं नाव विसरली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते लवूने सोनूबाईलाही सांगितलं नाही.

डबा पुढे केला की ती अजून निवडायची. पण रोज एकच, मोरपिसाची, चकचकीत हिरवी, सगळ्यांत मोठी. लवूने ती कधीतरी गंमत म्हणून बांधली होती. खडस तिला बघूनच पळायचे. तो मुकाट्याने तीच दोऱ्याला लावायचा आणि रिकाम्या हातांनी परत यायचा. "पाणी गढूळ होतं," म्हणायचा.

दिवाळीनंतर पाणी निवळलं. यमुनाबाई आठवडाभर धड जेवली नव्हती. खडसाचं तिखलं, तिखट कालवण, केलं तर दोन घास खाईल, असं वाटून त्या सकाळी लवूने पहिल्यांदाच स्वतः दगड उलटला. खाली राखाडी किडे होते. तिने दिलेली हिरवी माशी सोडून त्याने राखाडी लावली. तिसऱ्या फेकीला हातभर खडस आला.

ओटीवर बसलेल्या यमुनाबाईने मासा पाहिला. जबड्यात अजून अडकलेली माशी पाहिली. आणि तिची नजर अचानक पूर्वीची झाली.

"ही मी दिली नव्हती."

"अगं, दिलीस ना."

"मी हिरवी दिली होती. रोज अशीच बाजूला टाकता होय माझी?"

लवूने माशाच्या जबड्यातली माशी सोडवायला घेतली.

"मग विचारता कशाला? पोर समजून खेळवता मला?" ती उठून आत गेली.

रोज नाही, आजच. एवढं सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं तर तिच्या माशीला वर्षभरात एकही मासा लागला नाही, हेही सांगावं लागलं असतं. लवू ओटीवर बसून खवलं काढत राहिला. शेवटी सगळंच सांगून टाकायचं असं ठरवून तो मासा घेऊन आत गेला.

"यमू, चुकलं माझं."

ती वळली. मासा दोन्ही हातांत घेऊन तिने वजन पाहिलं. चेहरा उजळला.

"केवढा ओ हा! माझ्याच माशीला लागला ना?"



"तुझ्याच," तो म्हणाला.