गव्हर्नरकाकांचं शेवटचं प्रकरण

गव्हर्नरकाकांना "कसे आहात?" विचारलं, की उत्तर थेट अमेरिकेतून यायचं. राहायचे मात्र दुसऱ्याच देशात, इथे हॅमिल्टनला, मुलीकडे. पुण्यात उभा जन्म शाळेत इतिहास शिकवला होता. इथल्या लायब्ररीने विकायला काढलेल्या पुस्तकांत त्यांना अमेरिकेतल्या एका राज्याचा जुना गव्हर्नर सापडला आणि सत्तरीत ते त्याचं मराठीत चरित्र लिहू लागले. कातडी कमावणाऱ्याचा हा मुलगा तीनदा निवडणूक हरला, चौथ्यांदा गव्हर्नर झाला. मला आठवतं ते एवढंच, आणि त्याचीच लाज वाटते.

"पुरावा नाही, तर वाक्य नाही," काका म्हणायचे. एका तारखेसाठी महिना महिना अडून बसायचे.

मी इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. गणपतीच्या कार्यक्रमात गव्हर्नरवर बोलायला त्यांना दरवर्षी दहा मिनिटं द्यायचो आणि दरवर्षी कापायचो. नाच लांबायचे, पाचला हॉल सोडायचा असायचा, आणि काका रागावणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. गेल्या वर्षी ते कोट घालून, कागद मांडीवर घेऊन तीन तास बसले होते.

"काका, पुढच्या वर्षी नक्की हं."

"चालेल हो. माझा गव्हर्नर कुठे पळून जातोय?"

त्या दिवशी मीच त्यांना गाडीने घरी सोडलं. चरित्राचं शेवटचं प्रकरण तेवढं लिहायचं राहिलं होतं. वाटेत त्यांनी ते मला हातवारे करून सगळं सांगितलं. मी "हो का? अरे वा!" म्हणत होतो. डोक्यात मात्र मखर कुणाच्या गराजमध्ये टाकायचं, हेच चाललं होतं.

तीन आठवड्यांनी काका गेले. भेटायला गेलो, तर मुलीने त्यांची वही पुढे ठेवली.

"दादा, बाबा म्हणाले होते, शेवट सेक्रेटरींना सांगून ठेवलाय. मूळ इंग्रजी पुस्तकात सापडेलही मला, पण बाबांनी कसा सांगितला, तो हवाय."

"मी ऐकलंच नाही," एवढंच म्हणायचं होतं. तेवढीही हिंमत झाली नाही. मी ठोकून दिलं, की पद सोडल्यावर गव्हर्नर गावी परतला, लेकीकडे राहिला आणि शांतपणे गेला. सांगताना काकांचा गळा दाटला होता, असंही वर जोडलं.

ती रडत ऐकत होती. मग तिने डोळे पुसले, वहीचं कोरं पान उघडलं आणि पेन हातात घेतलं.

"जरा हळू सांगा हं," म्हणाली.