जावयाचा स्वच्छ लॉग

सासऱ्यांचं पारनेर तालुक्यात दूध संकलन केंद्र आहे. "सॉफ्टवेअर विकत कशाला घेता, मी लिहितो की," असं मी त्यांच्याकडे जेवताना बोलून गेलो. पुरणपोळी पोटात गेली की माझी अक्कल वाढते. आणि जावयाला नको कोण म्हणणार?

माझ्या प्रोग्रॅममध्ये दोन थ्रेड होते, म्हणजे एकाच वेळी राबणारे दोन गडी. दोघांनाही वजनकाटा आणि प्रिंटर लागायचा, आणि जे वापरायचं त्याचं लॉक आधी घ्यायचं. चाचणीत एकदा पहिला काट्याचं लॉक धरून प्रिंटरची वाट बघत बसला, दुसरा प्रिंटरचं धरून काट्याची. दोघंही ढिम्म. पुन्हा असं झालं तर कळावं म्हणून, लॉक कोणी घेतलं, कोण ताटकळतंय, याच्या नोंदी करणारा लॉग मी बसवला. वर आणखी शहाणपणा म्हणजे, संगणकावर ताण नको म्हणून नोंदी मेमरीत साठवायच्या आणि ढीग झाला की मग फाइलमध्ये लिहायच्या.

रोज सुप्याच्या ऑफिसातून मी इंटरनेटवरून लॉग उघडायचो. एकदम स्वच्छ, अडकल्याची एकही नोंद नाही. सासऱ्यांना फोन केला की, "लई झ्याक चाललंय, जावईबापू." मी बायकोसमोर मिशीला पीळ द्यायचो. मला मिशी नाही, ही गोष्ट वेगळी.

एका रविवारी सकाळी न सांगता केंद्रावर गेलो. प्रोग्रॅम अडकलेला, लोक कॅन घेऊन रांगेत. सासऱ्यांनी हात मागे घालून, न बघताच, संगणकाचा प्लग उपटला. मेमरीतल्या नोंदी गेल्या, नेमक्या अडकल्याच्याच. रोज हेच चालत होतं. एक म्हातारा वैतागून कॅन उचलून समोरच्या डेअरीकडे निघाला, आणि तो पहिला नव्हता.

"मला सांगायचं नाही का?" मी विचारलं.

"जावयाच्या कामात खोट कशी काढायची? तुमाला वाईट वाटलं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला वाईट वाटू नये म्हणून हा माणूस दूध घालणारी माणसं गमावत होता, आणि मी लॉग बघून खूश.

दुरुस्ती अर्ध्या तासाची निघाली. दोन्ही थ्रेडनी आधी काटा, मगच प्रिंटर, आणि नोंद झाली की लगेच फाइलमध्ये.

गेल्या आठवड्यात भर मीटिंगमध्ये सासऱ्यांचा फोन आला. "वो जावई, तुमचं ते पुन्हा आडकलंय! लोकं तोंडावर बोलत्यात. मीटिंग-बिटिंग ऱ्हाऊ द्या, आधी हिकडं या!" आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला.

मी गाडी काढली. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या घरातल्या कुणीतरी मला पोटच्या पोरासारखं झाडलं होतं.