वडिलांची पदं आणि अडकलेली चकती

वडिलांची वही नदीत सोडली, त्या दिवसापासून आईवरचा माझा विश्वास डळमळला होता. आई म्हणजे आमची गावदेवी. वडिलांनी तिच्यावर दोनशेच्या वर पदं रचली होती. वही विरत चालली, म्हणून भजनी मंडळाने ती कर्जतच्या एका दुकानात कंप्युटरवर उतरवून पुस्तक छापायचं ठरवलं. वडिलांचं अक्षर माझ्याशिवाय कुणाला लागत नव्हतं. मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी बाई. तरी आठ दिवस बसने जाऊन मी वाचून दाखवलं आणि दुकानवाल्या संतोषने टाईप केलं. काम संपल्यावर मंडळाचे अध्यक्ष नाना म्हणाले, जीर्ण पोथी घरात ठेवू नये. हळदीकुंकू वाहून त्यांनी वही सीना नदीत सोडली. कागदावर एक पानही छापून निघालं नव्हतं. मला विचारलंसुद्धा नाही.

चार दिवसांनी कंप्युटर सुरूच होईना. संतोष म्हणाला, आतली हार्ड डिस्क गेली, लिहिलेलं सगळं त्या डबीतच होतं. मला पाठ होती जेमतेम चाळीस पदं. बाकीचे माझे वडील पाण्यात गेले.

त्या संध्याकाळी देवळात नाना सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईमानसाला मशीनपाशी बसवू नगा, म्या तवाच म्हनलं हुतं. अडचनीत आसंल ती. आईला खपतंय व्हय?" एक जण हसला. माझी महिन्याची अडचण दोन वर्षांपूर्वीच कायमची थांबली होती; पण हे बाप्यांपुढे कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि सांगितलं असतं, तर तोच दोष गावातल्या दुसऱ्या कुणा बाईच्या पदरात पडला असता. वही पाण्यात सोडणारे हात मात्र सोवळे!

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळात कुणी नसताना मी रिकाम्या हाताने गेले. म्हटलं, "आई, तू बाईच ना? तुला बाईचा विटाळ होत असेल तर तोंडावर सांग. होत नसेल तर माझ्या वडिलांचे शब्द परत दे. माझ्याच्यानं आता काही होत नाही. तुझ्यावर टाकलं." देवाशी असं बोलू नये हे कळत होतं, तरी बोलले.

मग आठवत होती तेवढी पदं संतोषच्या दुसऱ्या कंप्युटरवर उतरवायला मी पुन्हा दुकानात गेले. लक्ष ठेवायला नाना बरोबर आलेच. तेवढ्यात सलवार-कमीज घातलेली एक मुलगी झेरॉक्स काढायला आली. कुठल्याशा कचेरीतले कंप्युटर दुरुस्त करायला ती पुण्याहून आली होती. टेबलावर उघडा पडलेला कंप्युटर बघून तिने चौकशी केली, पिशवीतून पेचकस काढला आणि डबी कानाशी धरली. म्हणाली, "आतली चकती अडकलीय. पुसलं काही गेलं नसेल."

नाना पुढे झाले. "पोरी, थांब जरा. आईची पदं हायेत त्यात. तुला काय अडचन-बिडचन न्हाई ना?"

तिने मान वरसुद्धा केली नाही. "आहे की. दुसरा दिवस आहे, काका, पोटही दुखतंय. जरा सरकता का? उजेड अडतोय."

नाना सरकले.

तिने कंप्युटर सुरू करून डबीला मनगटाने हिसका दिला. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा आत घरघर सुरू झाली. "आता बंद करू नका, पुन्हा फिरेल याची खात्री नाही," असं म्हणत तिने सगळी पदं फ्लॉपीवर उतरवून घेतली. पडद्यावर वडिलांचं पहिलं पद दिसलं आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. तिने फक्त चहा घेतला. बस गाठायच्या घाईत होती, नाव विचारायचं राहूनच गेलं.

हा तिचा हुन्नर, असं कुणी म्हणेल. असेलही. मी आईला एक प्रश्न विचारला होता आणि एक मागणं मागितलं होतं. दोन्हींचं उत्तर मला एकाच बाईकडून, एकाच दुपारी मिळालं. त्या मुलीचं आईने भलं करावं.

पुस्तक छापून झालं. नानांनी आपला एक शब्द मागे घेतलेला नाही. त्यांच्यावरचा राग मनातून काढायला मी खूप धडपडले, जमलं नाही. आता रोज फुलाबरोबर तोही आईपुढे ठेवते. शरण जाणं मला एवढंच समजलं. तिला वाटलं तर ठेवून घेईल, नाहीतर परत देईल. तिने दिलेलं मी आजवर कधी नाकारलेलं नाही.