नाझनीनचं तण

आमच्या बॉटनी लॅबमधले किस्से वेडेलियासारखेच. पिवळ्या फुलांचं हे परदेशी तण एकदा शिरलं की कापा, उपटा, दुसऱ्या कोपऱ्यात रुजतंच! आणि यातले निम्मे किस्से माझ्या मैत्रिणीचे, नाझनीनचे.

*

नाझनीनची पीएचडी या तणावरच. वारज्याच्या एका ओढ्याकाठी तिला वेडेलिया आणि आपला देशी पिवळा माका यांचा संकर सापडला. कमी उजेडात तो कसा तगतो, हे तिला बघायचं होतं. तिने फांद्या आणून कुंड्यांत लावल्या आणि थोड्याच दिवसांत ओढ्याचा काठ काँक्रीटखाली गेला. आता तो संकर फक्त तिच्या कुंड्यांत उरला होता.

आमच्या गाइड कांबळे मॅडम म्हणाल्या, "विषय बदलतेस का?"

"ओढा गेलाय मॅडम, मी आहे ना!"

*

सावलीसाठी जाळीचे तंबू हवे होते. तिच्या अब्बांचं टेलरिंगचं दुकान. त्यांनी हिरव्या शेडनेटला शेरवानीच्या नजाकतीने गोट लावून दिली! वर संकराच्या फांद्या ओळखायला लाल दोरा.

मला म्हणाले, "लोक झाडाला ऊन मिळावं म्हणून धडपडतात. आमची मुलगी सावली शिवून घेते!"

*

कॉलेजच्या प्रदर्शनात सदाशिव पेठेतले एक आजोबा आले. नाझनीन उत्साहाने सांगत होती, "उजेड कमी झाला की पानं रुंद आणि पातळ होतात."

आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आमच्या खिडकीसमोर टॉवर उठलाय. आम्ही रुंद झालो. पातळ व्हायचं काही जमलं नाही."

*

कांबळे मॅडमचं निम्मं आयुष्य वेडेलिया उपटण्यात गेलंय. दर रविवारी आमची तण हटाव मोहीम असते. उपटलेलं तण स्टोअररूममागच्या अंधाऱ्या बोळात जाड पोत्यांखाली दाबायचं, म्हणजे उजेडाविना कुजून मरतं, ही आमची पद्धत.

अब्बांचं ऑपरेशन होतं, म्हणून नाझनीन रजेवर होती. मोहिमेला नवी बॅच आली. मॅडम म्हणाल्या, "पान ओळखा आणि मुळासकट काढा!" मुलं फारच आज्ञाधारक निघाली. तंबूंतल्या कुंड्यासुद्धा साफ केल्या!

अब्बा दवाखान्यात, त्यात हे तिला सांगणार कोण? ती परत येईपर्यंत आम्ही तिला काही कळवलंच नाही.

*

काही आठवड्यांनी ती आली तोही रविवारच होता. मॅडमनीच सांगितलं. "तुझी सगळी मेहनत गेली गं."

नाझनीनने रिकाम्या कुंड्या बघितल्या आणि विचारलं, "उपटलेलं कुठल्या पोत्यांखाली दाबलंत?"

"अगं, आता सगळं कुजलं असेल."

"मॅडम, ते अंधारात मरत नाही, हीच तर माझी थीसिस आहे!"

आम्ही तिघी बोळात गेलो. वरची पोती काढली. खाली काळा चिखल. तिने बाह्या सरसावल्या आणि शेवटचं पोतंही ओढलं. त्याच्या फाटक्या कडेशी, जिथे जरासा उजेड येत होता, तिथे लांब, फिकट खोडं सरपटत आली होती. रुंद, पातळ पानं. पेरापेरांतून मुळं. आणि खोडांना लाल दोरा!

नाझनीन तिथेच चिखलात बसली आणि ढसाढसा रडायला लागली.

आणि 'तण हटाव'चा टी-शर्ट घातलेल्या आमच्या मॅडम बोळातून धावत सुटल्या, "अरे, झारी! झारी आणा कुणीतरी!"